आधी प्रत, मग सही, छपाई शेवटी

अंबाजोगाईहून एका वाचकानं विचारलं आहे: "गावाकडचा वाडा उतरवताना आजोबांची लोखंडी पेटी निघाली. आत सव्वाशेच्या वर जुन्या रहस्यकथा आणि थोड्या विज्ञानकथा आहेत, बहुतेक १९४५ ते १९७५ च्या दरम्यानच्या. यातल्या काही पुन्हा छापाव्यात असं वाटतं. परवानगी कुणाची घ्यायची? भाषा आजची करायची का? किती प्रती काढायच्या? आणि एका पुस्तकाला मुखपृष्ठही नाही, शेवटही नाही. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, मुडदा सापडतो तिथून ते सुरू होतं. ते कसं ओळखायचं?"

पेटी रद्दीत घातली नाहीत, याबद्दल आधी तुमचे मनापासून आभार. आपल्याकडे वाडा उतरवताना सागवानी खांब, तुळया, दारं यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. पुस्तकांचं पोतं थेट काट्यावर चढतं. अशी कितीतरी पोती मी एक-दोन दिवस उशिरा पोचल्यामुळे गमावली आहेत.

माझे वडील परभणीत छापखाना चालवायचे. ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका, मोंढ्यातल्या आडत्यांची पावतीपुस्तकं, सप्त्याची हस्तपत्रकं छापायची. पुस्तक छापायची वेळ क्वचित यायची, पण रात्री मशीन थांबलं की वडील रहस्यकथा उघडायचे. पूर्णा जंक्शनवर गाडीची वाट बघताना घेतलेलं पुस्तक कंपोझिटरपासून बाइंडरपर्यंत सगळ्यांच्या हातांतून फिरायचं. गेली १८ वर्षं मी छत्रपती संभाजीनगरात राहून अशाच पुस्तकांची पुनर्मुद्रणं करते. आजवर २१ झाली. त्यावरून सांगते: मशीन मिळतं, कागद मिळतो, उधारीवर छापून देणाराही मिळतो. काम अडतं ते दोनच ठिकाणी, पुरी प्रत आणि हक्कदाराची सही. म्हणून सव्वाशेंचा विचार तूर्त बाजूला ठेवा. वाचून संपल्यावर जे तुम्हाला घरात कुणाला तरी सांगावंसं वाटलं असं एक पुस्तक निवडा आणि त्या एकाच्याच मागे लागा.

प्रतीपासून सुरू करू. ही पुस्तकं न्यूजप्रिंटवर छापलेली असतात. त्या कागदात लाकडाचं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. हवा आणि उष्णता लागून कागद आम्ल धरतो, तपकिरी होतो, आणि कोपरा दुमडला की तुकडा हातात येतो. मुंबई-कोकणातून येणाऱ्या प्रतींवर बुरशीचे ठिपके असतात, पानं एकमेकांना चिकटलेली असतात. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत बुरशी कमी, म्हणून आपल्याकडच्या प्रती वरून स्वच्छ दिसतात, पण एप्रिल-मेची धग त्याच कागदाला आतून ठिसूळ करत असते. तेव्हा "जरा ऊन दाखवू" म्हणून पुस्तकं गच्चीवर पसरू नका. माळवदाची माती पानांत असेल तर मऊ ब्रशनं पुस्तकाच्या पाठीकडून बाहेरच्या बाजूला झाडा. फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात नको. काही वर्षांत टेप सुटते आणि तिचा पिवळा डिंक अक्षरांवर कायमचा बसतो. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ एवढ्यावर भागतं.

मग पानं मोजा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मनी बनतं, म्हणजे १२८ पानांची रहस्यकथा असेल तर आठ फॉर्म. स्वस्त पुस्तकाला शिवण नसायची. बाजूनं दोन पिना मारायच्या आणि वरून मुखपृष्ठ चिकटवायचं. पन्नास हातांतून फिरल्यावर पिना गंजतात आणि कडेचे फॉर्म निखळतात. रहस्यकथेत बहुतेक वेळा शेवटचाच जातो, कारण त्याच पानांवर वाचणाऱ्याचा हात सगळ्यात जास्त वेळ थबकलेला असतो. खुनी कोण हे ज्या सोळा पानांत आहे तीच पानं नसलेल्या प्रती माझ्या कपाटात फळीभर आहेत. दुसरं नुकसान वाचनालयाच्या बाइंडिंगमुळे होतं. पुठ्ठा चढवताना तिन्ही कडा कातरल्या जातात, आणि कातर जरा आत गेली की प्रत्येक पानाची शेवटची ओळ अर्धी होते.

पहिली प्रत पुरी असली तरी दुसरी शोधा. हे मी आग्रहानं सांगते. एका कादंबरीची माझ्याकडे दुसरी आवृत्ती होती. टायपिंग झालं होतं, मुद्रितं (प्रूफं) वाचून झाली होती, आणि तेवढ्यात नांदेडच्या एका घरात पहिली आवृत्ती हाती लागली. तिच्यात एक प्रकरण जास्त होतं. पुढे पुस्तक सात फॉर्ममध्ये बसवायचं म्हणून कुणीतरी ते गाळलं होतं, आणि त्याबरोबर नायिकेच्या पर्समध्ये तिजोरीची किल्ली आली कुठून हा दुवाच गेला होता. दुसरी आवृत्ती वाचणाऱ्यांनी एवढी वर्षं तो लेखकाचा ढिसाळपणा समजला असणार. लेखकानं दुवा नीट बांधला होता. तो परत जागेवर बसला त्या दिवशी मला जे समाधान मिळालं त्यासाठीच मी हे काम करते.

दुसरी प्रत कुठे मिळते? तालुक्याच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात जा आणि ग्रंथपालांना विचारा, निर्लेखन कधी आहे. जीर्ण पुस्तकं यादी करून कमी करतात, त्याला निर्लेखन म्हणतात. त्या यादीत लोकप्रिय कादंबऱ्या सगळ्यात वर असतात, कारण वाचून वाचून त्याच फाटलेल्या असतात. ठराव होण्याआधी गाठलंत तर पुस्तक हाती येतं, नंतर लगदा होतो. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं आहे, तिथे शोध घ्यावाच. पण आपल्या लोकांना मी हैदराबादचीही आठवण करून देते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि इथल्या शिकल्यासवरल्या घरांची ये-जा हैदराबादेत होती. तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चं. चाळिशीच्या दशकातल्या एका पुस्तकाची प्रत पुण्यात मिळेना, ती मला हैदराबादच्या एका निवृत्त शिक्षकांकडे मिळाली. आतल्या पानावर जालन्याच्या दुकानाचा शिक्का होता.

पेटीत उर्दू पुस्तकं असतील तर त्यांचा गठ्ठा वेगळा करून ठेवा, रद्दीत घालू नका. आजोबांची पिढी उर्दूतून शिकलेली. इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' ही मालिका १९५२ पासून अलाहाबादहून दरमहा निघायची. त्या अंकांची किंमत समजणारी माणसं आजही आहेत.

आता सहीकडे येऊ. तुमचा मुख्य प्रश्न हाच आहे आणि माणसं सगळ्यात जास्त चुका इथेच करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून करायची. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. म्हणजे १९६४ साली किंवा त्याआधी वारलेल्या लेखकाचं, त्याच्या हयातीत निघालेलं पुस्तक आज कुणीही छापू शकतं. नाथमाधव १९२८ साली गेले, त्यांचं लेखन कधीच मोकळं झालं. पण तुमच्या पेटीत ज्यांची पुस्तकं सर्वांत जास्त असण्याचा संभव आहे ते बाबुराव अर्नाळकर १९९६ साली गेले, म्हणजे हक्क २०५६ अखेरपर्यंत. नारायण धारप २००८ साली गेले, गुरुनाथ नाईक २०२१ साली. "पुस्तक साठ वर्षांचं झालं, बाजारातही नाही, म्हणजे मोकळं" हे मी दर महिन्याला कुणाकडून तरी ऐकते आणि ते साफ चूक आहे. इथे छपाईचं साल कामाचं नाही, मृत्यूचं साल लागतं.

टोपणनावानं निघालेल्या पुस्तकाचा हिशेब निराळा. तिथे ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे १९६० चं पुस्तक २०२१ पासून मोकळं. पण त्या मुदतीत लेखक कोण हे जाहीर झालं असेल तर पुन्हा लेखकाच्या मृत्यूचं साल पाहावं लागतं. त्यातून या धंद्यात एकाच नावामागे दोघं-तिघं लिहिणारे असायचे. तेव्हा नावावर भरवसा ठेवण्याआधी त्या काळचा प्रकाशक, विक्रेता, निदान त्याचा मुलगा कुणी भेटतो का ते बघा.

"सर्व हक्क प्रकाशकाचे" ही ओळ पुस्तकात असते, तिचं काय? त्या काळी हस्तलिखित एकरकमी पैसे देऊन घ्यायचे आणि कागद म्हणून पुष्कळदा नुसतं व्हाउचर असायचं. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि हक्कदाराच्या सहीचं असल्याशिवाय कायदा ते मानत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, हा नियम मात्र मे १९९५ पासूनच्या करारांना लागतो, त्याआधीच्या नाही. म्हणजे १९६२ चा सहीचा खरा करार प्रकाशकाच्या घरातून निघाला तर तो आजही वजनदार आहे. लेखकाचं घर आणि प्रकाशकाचं घर, दोन्ही उंबरे ओलांडा.

वारसांच्या बाबतीत माझ्याकडून घडलेली चूक सांगते. एका लेखकाच्या मुलाची सही घेऊन मी पुस्तक काढलं. लेखकानं मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यांना दोन मुलीही होत्या, त्यांचा विचार माझ्या मनातच आला नाही. हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलगे, मुली यांचा वाटा सारखा असतो, आणि कॉपीराइट ही शेतासारखीच मालमत्ता आहे. धाकट्या मुलीचं पत्र आलं. त्यात रागाचा शब्द नव्हता. "दादांचं पुस्तक निघालं आणि मला ते दुकानात दिसलं," एवढंच लिहिलं होतं. मी हिंगोलीला गेले, माफी मागितली, तिघांच्या नावानं नवा करार केला. निघताना तिनं देवळीतून एक वही काढली. म्हणाली, "हे बी दादानंच लिव्हलेलं हाय, तुमाला कामाला येतंय का बघा." त्या वहीत त्याच कादंबरीचा मूळ शेवट होता, छापताना बदललेला. तेव्हापासून मी आधी घरातल्या सगळ्यांची नावं लिहून घेते, सासरी गेलेल्या लेकी आणि वारलेल्या मुलांच्या बायका धरून.

करार दोन पानांचा पुरतो, पण त्यात छापील आवृत्ती, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद हे हक्क वेगवेगळे लिहा आणि मुदत लिहा. मी पाच वर्षांसाठी फक्त छापील आवृत्तीचा हक्क घेते, छापील किमतीच्या १० टक्के रॉयल्टी देते आणि पहिल्या ३०० प्रतींची रॉयल्टी सहीच्या दिवशीच हातात ठेवते. रक्कम लहान असते. पण ज्या घरात "आमचे वडील कायतरी फालतू लिहायचे" असं बोललं जायचं, त्या घरात ते पाकीट आल्यावर वडिलांबद्दलचं बोलणं बदललेलं मी पाहिलं आहे.

हक्कदार सापडतच नाही अशीही पुस्तकं असतात. त्यासाठी कायद्यात कलम ३१-ए आहे. इंग्रजी दैनिकात जाहिरात देऊन परवान्यासाठी अर्ज करता येतो आणि २०२१ पासून हे अर्ज व्यापारी न्यायालयापुढे जातात. तीनशे प्रती काढणाऱ्याला हा रस्ता झेपत नाही. माझ्याकडे अशी चार पुस्तकं आहेत. त्यांतल्या एका लेखकाच्या घरचे सगळे कागद १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात गाडले गेले. चारही पुस्तकं मी टाइप करून ठेवली आहेत, छापलेली नाहीत.

आणखी एक फास असतो, रूपांतराचा. त्या काळच्या बऱ्याच मराठी रहस्यकथा इंग्रजीवरून घेतलेल्या आहेत आणि तसं पुस्तकात लिहिलेलं नसतं. एडगर वॉलेस १९३२ साली गेले, त्यांच्यावरून घेतलेलं असेल तर चिंता नाही. पण अर्ल स्टॅनली गार्डनर १९७० साली गेले, त्यांचा हक्क आपल्याकडे २०३० अखेरपर्यंत आहे. जेम्स हॅडली चेस १९८५ साली गेले, त्यांचा २०४५ अखेरपर्यंत. नायक वकील आहे, सेक्रेटरी त्याच्याइतकीच हुशार आहे, आणि कोर्टात उलटतपासणी चालू असताना खरा खुनी उघडा पडतो, असं दिसलं की थांबा. इंग्रजी रहस्यकथा भरपूर वाचलेल्या एखाद्या जाणत्याला कथानक सांगा. मी दोनदा असं थांबले आणि दोन्ही वेळा ते योग्य निघालं.

मुखपृष्ठाचा हक्क मजकुराहून वेगळा असतो. तुमच्या पेटीतल्या कित्येक पुस्तकांवर रघुवीर मुळगावकर किंवा दीनानाथ दलाल यांची सही दिसेल. दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. म्हणजे ही चित्रं अनुक्रमे २०३१ आणि २०३६ अखेरपर्यंत मोकळी नाहीत. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणाऱ्याकडे असतो, म्हणजे बहुधा प्रकाशकाकडे. लेखकाच्या मुलीनं मजकुराची परवानगी दिली म्हणून जुनं मुखपृष्ठ स्कॅन करून लावता येत नाही. मी नव्या चित्रकाराकडून करून घेते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीनं विस्मृतीत गेलेल्या रहस्यकथांची मालिका काढली तेव्हा मुखपृष्ठांना रेल्वेची जुनी प्रवासी पोस्टर्स वापरली. जे. जेफरसन फार्जन यांची १९३७ ची एक कादंबरी त्यांनी २०१४ साली पुन्हा आणली आणि त्या नाताळात ती तिथे धडाधड खपली. त्यांच्याकडून घेण्याजोगं म्हणजे सगळ्या पुस्तकांची एकसारखी ठेवण आणि प्रत्येकात जाणत्याची प्रस्तावना. एकटं जुनं पुस्तक दुकानात हरवतं. तीन सारखी दिसणारी एकत्र ठेवली की माणूस हात लावतो.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. लेखनपद्धती बदला, शब्द बदलू नका. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीच्या पुस्तकांत "केलें", "नाहीं", "तें" असे अनुस्वार भेटतील. काहींत अ-ची बाराखडी भेटेल, "अितका", "अुभा", "अेक". आजचा वाचक त्यावर अडखळतो आणि रहस्यकथेत अडखळणं परवडत नाही, म्हणून ते मी आजच्या पद्धतीनं छापते आणि तसं प्रस्तावनेत लिहिते. पण "मुडदा"चा "मृतदेह" करायचा नाही, "फौजदार"चा "पोलीस निरीक्षक" करायचा नाही, टांगा आणि आणे तसेच राहू द्यायचे. एका पुस्तकात खुनाची वेळ ट्रंक कॉलच्या नोंदीवरून ठरते. टायपिंग करणाऱ्यानं चांगल्या हेतूनं तिथे नुसतं "फोन" केलं होतं. ट्रंक कॉल गेला की एक्स्चेंजमधली नोंद गेली, नोंद गेली की पुरावा गेला. या लेखकांची वाक्यं आखूड आणि धावती असतात. ती सुधारायला गेलं की त्यांचा वेग मरतो.

टेसरॅक्टसारखं अक्षरओळख सॉफ्टवेअर आता मराठी वाचतं, पण खिळ्यांची जुनी छपाई, त्यात झिजलेला टाइप, त्यामुळे घ-ध, भ-म यांची गल्लत होते. "खून" हा शब्द "रवून" होऊन येतो आणि अनुस्वार गळतात. स्कॅन करताना पानामागे काळा पुठ्ठा धरा, म्हणजे मागच्या बाजूची अक्षरं पुढे उमटत नाहीत. मशीननं काढलेला मजकूर मी दोन माणसांना समोरासमोर बसवून वाचून घेते, एकानं जुन्या प्रतीतून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नव्यावर पेन्सिल धरायची. त्यात विरामचिन्हंही उच्चारायची. १२८ पानांना चार दुपारी लागतात. संशयित "त्यांनी पाहिलं" म्हणतो की "त्यानी पाहिलं", एकाबद्दल बोलतो की दोघांबद्दल, यावर एखादं अख्खं पुस्तक उभं असतं.

तुम्ही विचारलेली नाही अशी एक गोष्ट पेटी वाचायला बसलात की समोर येईलच. या पुस्तकांत चोर, दरोडेखोर पुष्कळदा जातीवरून ठरलेले असतात. पारधी दिसला की गुन्हेगार, कैकाडी दिसला की गुन्हेगार. माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा इंग्रजी कायदा १९५२ साली रद्द झाला, पण रहस्यकथांच्या पानांवर तो पुढेही चालू राहिला. माझ्याकडे टायपिंग करणारा एक मुलगा पारधी समाजातला होता. एका पुस्तकाच्या मध्यावर तो थांबला आणि म्हणाला, "ताई, हे दुसऱ्या कुणाला द्या." मी ती पानं वाचली. ते पुस्तक मी काढलं नाही, अजूनही काढणार नाही, कारण त्यातलं सगळं रहस्यच त्या एका समजावर उभं होतं. जिथे असा उल्लेख ओळी-दोन ओळींचा असतो तिथे मी मजकूर तसाच ठेवते आणि प्रस्तावनेत स्पष्ट लिहिते. गुपचूप गाळत नाही. गाळलं तर तो काळ होता त्यापेक्षा बरा दिसतो, आणि ज्यांनी ते सोसलं त्यांच्यावर तो दुसरा अन्याय होतो. आजही शंका आली की मी त्या मुलाला फोन करते, आणि त्याचा शब्द शेवटचा मानते.

विज्ञानकथांना वेगळी काळजी लागते. मराठीत ही वाट जुनी आहे. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं रूपांतर १९०० साली, कोचीत सुरू झालेल्या 'केरळकोकिळ' मासिकात आलं होतं. जुन्या कथांत मंगळावर कालवे असतील, शुक्रावर दलदल आणि जंगल असेल. मरिनर-४ हे यान जुलै १९६५ मध्ये मंगळाजवळून गेलं आणि त्यानं पाठवलेल्या छायाचित्रांत कालवे नव्हते. म्हणून मी विज्ञानकथेच्या पहिल्याच पानावर मूळ प्रकाशनाचं साल ठळक छापते. ते साल वाचून आत शिरलेला मुलगा कालव्यांना चूक म्हणत नाही, तो त्या वेळच्या माणसाबरोबर मंगळाकडे बघतो. विज्ञान दुरुस्त करून छापलेल्या जुन्या विज्ञानकथा मी पाहिल्या आहेत. त्यांत ना जुनं कुतूहल उरलं होतं, ना नवं विज्ञान नीट आलं होतं.

छपाईचं थोडक्यात सांगते. पहिल्या पुस्तकाच्या ३०० प्रती काढा, त्याही डिजिटलवर. ऑफसेट त्यापुढे परवडतं. ७० जीएसएमचा नॅचरल शेड कागद घ्या. पांढराशुभ्र कागद या मजकुराला शोभत नाही आणि डोळ्यांना टोचतो. आकार जुनाच, क्राऊन ठेवा. या गोष्टी खिशात मावण्यासाठी लिहिल्या होत्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो. छापून झाल्यावर १९५४ च्या कायद्यात नेमलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवा. म्हणजे पन्नास वर्षांनी तुमच्यासारखा कुणी शोधायला निघाला तर त्याला पुरी प्रत मिळेल. विक्रीला प्रकाशनपूर्व सवलतीची जुनी मराठी पद्धत अजून चालते. दिवाळीच्या दीड महिना आधी जाहीर केलंत तर छपाईचा बराचसा खर्च आगाऊ निघतो. माझे निम्मे ग्राहक साठीच्या पुढचे आहेत, आणि ते एक स्वतःसाठी आणि एक नातवासाठी घेतात.

राहिलं देवगिरीच्या अंधारीतलं पुस्तक. पहिला फॉर्म अर्धा गेला आणि शेवटचा पुरा गेला तरी मधले फॉर्म बोलतात. १७, ३३, ४९, ६५ या पानांच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काही छापलंय का ते भिंगातून बघा. फॉर्म जुळवताना बाइंडरचा घोटाळा होऊ नये म्हणून तिथे आकडा आणि बऱ्याचदा पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरं टाकायचे. मग डाव्या पानांच्या माथ्यावर पुस्तकाचं किंवा प्रकरणाचं नाव आहे का ते बघा. १८६७ च्या कायद्यामुळे प्रत्येक पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव असायचंच, तुमच्या प्रतीत ते गेलेल्या पानांवर असेल. पण त्याच टाइपातलं, त्याच आकाराचं दुसरं पुस्तक पेटीत निघालं तर त्याच्या मागच्या पानावरची "आमची इतर प्रकाशने" ही यादी वाचा. आद्याक्षरं त्या यादीतल्या एखाद्या नावाशी जुळली की अर्धं काम झालं. पुस्तक १९५० पूर्वीचं असेल तर शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत नोंद सापडू शकते, तिचे खंड १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असे आहेत. नंतरचं असेल तर जुन्या वाचनालयांच्या दाखलनोंदवह्या, म्हणजे आलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायच्या वह्या, चाळाव्या लागतील. त्या चार पानांच्या तळाचे फोटो काढून ठेवा, आणि पुस्तक उघडताना तळहातावर धरून अर्ध्याहून जास्त उलगडू नका, पाठ फुटेल.